मातीच्या भट्टीला भेगा गेल्या म्हणून ती पाडायची का?

प्रश्न थोडक्यात असा: शेतघराच्या अंगणात पाव आणि पिझ्झा भाजायला मातीची घुमटाची भट्टी बांधली. आतला व्यास ८० सेंटीमीटर, घुमटाची आतली उंची ४२, भिंत ८ आणि तोंडाची उंची ३४. माती शेतातलीच काळी, तिच्यात जवळपास तेवढीच वाळू. घुमटाला आकार यावा म्हणून आत रचलेला वाळूचा ढीग दहा दिवसांनी उपसला, वरून सिमेंटचा गिलावा केला आणि आठवड्याच्या आत पाहुणे आले म्हणून मोठा जाळ घातला. आता घुमटावर सगळीकडे जाळीसारख्या बारीक भेगा आहेत आणि तोंडाच्या कमानीपासून वर एक उभी भेग गेली आहे, तिच्यातून धूर येतो. भेगांत सिमेंट भरू, की पाडून नव्याने बांधू?

पाडू नका. सिमेंटही भरू नका. उलट जे वर लावलंय ते सिमेंट आधी काढा, कारण तुम्हाला दिसणारी जाळी बहुतेक त्या गिलाव्याचीच आहे आणि खालच्या मातीचं खरं काय झालंय ते त्याच्यामागे झाकलं गेलंय. छिन्नी-हातोडा जपून वापरा, ठोके आडवे द्या. पाडायचं की नाही याचा निर्णय गिलावा उतरल्यावर दहा मिनिटांत घेता येतो. तो कसा, ते खाली सांगतो. पण त्याआधी भेगा कशामुळे गेल्या हे नीट समजून घ्या, नाहीतर दुरुस्तीही त्याच कारणाने फुटेल.

मातीच्या भट्टीला भेगा तीन वेळी जातात: वाळताना, आत उरलेल्या पाण्याची वाफ होताना, आणि पुढे दर वेळी तापताना. पहिली दोन कारणं टाळता येतात. तिसरं टाळता येत नाही, आणि टाळायची गरजही नसते.

वाळण्याचं आधी घेऊ. काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट गटाची चिकणमाती भरपूर असते. तिच्या पापुद्र्यांच्या मध्ये पाणी शिरतं, म्हणून ती ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. आता हिशेब करा. तुमच्या घुमटाचा बाहेरचा व्यास ९६ सेंटीमीटर, म्हणजे बुडाचा घेर सुमारे ३ मीटर. मिश्रण वाळताना ५ टक्के आक्रसलं तर घेरातून १५ सेंटीमीटर माती कमी व्हायला हवी. घुमट मोकळा असेल तर तो सगळीकडून थोडाथोडा लहान होतो आणि यातलं बरंचसं भेगांविना निभावतं. पण आत वाळूचा टणक ढीग दहा दिवस तसाच असेल तर माती आक्रसून जाणार कुठे? ती ढिगावर ताणली जाते आणि जिथे अशक्त असेल तिथे फाटते. सगळ्यात अशक्त जागा म्हणजे तोंडाच्या कमानीचा माथा. तुमची उभी भेग तिथूनच निघाली आहे यात नवल नाही.

बरेच लोक घुमट कोसळेल या भीतीने ढीग आत ठेवतात. माझ्या मते भीतीपोटी ठेवलेल्या ढिगाने जितक्या भट्ट्या फाटतात तितक्या लवकर उपसल्यामुळे कोसळत नाहीत. मिश्रण घट्ट कालवलेलं असेल तर हिवाळ्यात दोन-तीन दिवसांत अंगठा दाबला की जेमतेम खळगा पडतो, माती हाताला लागत नाही. ती ढीग उपसायची वेळ. तोंड कापायचं, हाताने थोडी थोडी वाळू ओढायची. ढिगावर आधी ओला वर्तमानपत्राचा कागद लावलेला असला की वाळू कुठे संपते आणि घुमट कुठे सुरू होतो ते बोटांना कळतं.

दुसरं कारण वाफ. तुमच्या घुमटाला साधारण पावणेदोनशे-दोनशे किलो माल लागला असेल. त्यात कालवताना २५-३० लिटर पाणी सहज जातं. वरून कोरडी दिसणारी ८ सेंटीमीटरची भिंत आतून ओलीच असते, त्यात तुम्ही बाहेरून सिमेंट लावून तिचा श्वास बंद केलात. मोठा जाळ घातला की आतलं पाणी १०० अंशांना उकळतं, आणि एक लिटर पाण्याची साध्या दाबाला सुमारे १७०० लिटर वाफ होते. तिला मातीच्या बारीक छिद्रांतून निघायला वेळ मिळाला नाही तर ती भिंत उचकटते. अशा नुकसानीची खूण म्हणजे आतून सुटलेले पापुद्रे आणि भिंतीवर टकटक केल्यावर येणारा पोकळ आवाज.

तिसरं, तापण्याचं. भाजलेली माती दर अंशाला आपल्या लांबीच्या दहा लाखांतल्या सुमारे ५ भागांनी वाढते. तुमच्या घुमटाचा आतला घेर अडीच मीटर आहे. जाळ लागला की आतला पृष्ठभाग बाहेरच्यापेक्षा सहज ४०० अंशांनी जास्त तापतो. म्हणजे आतला घेर ५ मिलिमीटरने वाढू पाहतो आणि बाहेरची थंड माती जागची हलत नाही. माती दाबाला चांगली, ताणाला वाईट. मग बाहेरची बाजू दोन-चार ठिकाणी उभी उकलते, जाळ विझून भट्टी निवली की भेग पुन्हा मिटते. कितीही निगुतीने बांधलेल्या भट्टीला या भेगा येतातच. पोळपाटाएवढ्या तव्यावर तापल्या बाजूने फुगणाऱ्या भाकरीला जसं आपण दोष देत नाही, तसंच हे.

उभी भेग घुमटाला लगेच पाडत नाही, हे केवळ भट्टीवाल्यांचं समाधान नाही. रोमच्या सेंट पीटरच्या घुमटाला अशाच उभ्या भेगा गेल्या तेव्हा १७४० च्या दशकात जोव्हान्नी पोलेनी या गणितज्ञाने घुमटाच्या उभ्या फाकी कल्पून, वजनं लावलेली साखळी टांगून दाखवून दिलं की भेगा गेल्या तरी समोरासमोरच्या फाकी एकमेकींना टेकून कमानीसारख्या उभ्या राहतात. पुढे फाकी बाहेर सरकू नयेत म्हणून त्या घुमटाला लोखंडी कडी घातली गेली. आपल्याला कड्यांची गरज नाही. पण तत्त्व तेच: उभी भेग सोसते, आडव्या आणि उभ्या भेगा मिळून एखादा तुकडा चारी बाजूंनी सुटा करतात तेव्हा धोका असतो.

आता गिलावा उतरल्यावरची तपासणी. भट्टी पूर्ण थंड असताना उभ्या भेगेवरून बोट आडवं फिरवा. दोन्ही कडा एका पातळीत असतील तर घुमट जागच्या जागी आहे. एक कड दुसरीपेक्षा आत बसली असेल, बोटाला पायरी लागत असेल आणि ती चार-पाच मिलिमीटरपेक्षा जास्त असेल, तर त्या बाजूचा भाग खाली सरकतोय. मग तिथे तळहाताने दाबून पाहा. हलला तर तेवढा भाग पाडून परत बांधायचा. नंतर सगळीकडे बोटाच्या पेराने ठोकत जा. भरीव आवाज आला तर ठीक. ढबढब आला तर आत थर सुटलाय. शेवटी टॉर्च घेऊन आतून माथा बघा: भेगांनी वेढलेला सुटा तुकडा दिसला तर तो आत्ताच काढा, पावावर पडण्यापेक्षा बरं. यातलं काहीच नसेल तर तुमची भट्टी वर्षानुवर्षं चालेल, आणि माझा अंदाज तुमच्या वर्णनावरून तोच आहे.

सिमेंटला एवढा विरोध का, हेही सांगतो, कारण गवंडी तुम्हाला तेच सुचवणार. घट्ट झालेल्या सिमेंटमधला चुना साधारण ४०० ते ५०० अंशांत आपलं पाणी सोडतो आणि निवल्यावर हवेतली ओल परत घेताना फुगतो. दोन-चार जाळांत तो भुसभुशीत होऊन गळतो. बाहेरच्या बाजूला एवढी उष्णता नसते हे खरं, पण तिथे ते मातीपेक्षा टणक राहून भेगेत पाचरीसारखं अडकतं: तापताना उघडलेली भेग निवताना मिटू शकत नाही आणि शेजारी नवी भेग निघते. प्लास्टर ऑफ पॅरिस दीडशे-दोनशे अंशांतच निकामी होतं. दोन गोळे मळून लावायची एपॉक्सी लांबी तर जळते आणि विषारी धूर देते. अन्न भाजायच्या जागी ती नकोच.

भेग भरायची ती मातीनेच, पण ज्या मातीने भट्टी फाटली तिने नाही. चाळलेली लाल किंवा कुंभाराची माती एक भाग, बारीक वाळू दीड भाग आणि सुरखी दीड भाग. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांचा कुटलेला चुरा. ती एकदा भाजून झालेली असल्याने पुन्हा आक्रसत नाही, आणि तापल्यावर मातीइतकीच वाढते. पाणी अगदी बेताचं घाला: मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, हाताला चिकटू नये. केसाएवढ्या भेगांना हात लावू नका. ज्या भेगेत नाणं उभं शिरतं तीच भरा. तिचं तोंड खिळ्याने सेंटीमीटरभर रुंद करा, धूळ झाडा, आणि कडा ब्रशने दोन-तीनदा ओल्या करा. कोरडी कड भरणातलं पाणी एका क्षणात शोषते आणि भरण सुटून येतं. मग पातळ कालवलेली माती फासा आणि मिश्रण अंगठ्याने किंवा लाकडी पट्टीने ठासून बसवा. वरचे तीन-चार सेंटीमीटरच भरायचे, भिंतीच्या आरपार नाही. दोन-तीन तासांनी भरण थोडं आवळलं की पुन्हा एकदा दाबा. हे केलं नाही तर भरणाच्या दोन्ही कडांना नवी चीर येते आणि लोक म्हणतात माती धरत नाही. काम भट्टी कोमट असताना करा, गरम असताना नको. आतल्या बाजूच्या भेगा सोडून द्या. तिथलं भरण आज ना उद्या भाकरी-पावावर पडतं.

यावर तुमच्या भट्टीला एक गोष्ट हवीच आहे जी तुम्ही केलेली नाही: उष्णता अडवणारा दुसरा थर. नुसत्या ८ सेंटीमीटर मातीतून उष्णता बाहेर जात राहते, भट्टी लवकर निवते, आणि बाहेरचा पृष्ठभाग उघडा असल्याने वारा-पावसाच्या सरीने एकदम थंड होऊन आणखी भेगा घेतो. भाताचं तूस त्यासाठी उत्तम आणि बहुधा गिरणीवर स्वस्तात मिळतं. तुसाची राख बहुतांश सिलिका असते. आतल्या बाजूचं तूस जळालं तरी राखेचा सांगाडा आणि त्यातली हवा जागेवर राहते. सायीएवढा दाट मातीचा घोळ करून त्यात तूस ढवळा: प्रत्येक दाण्याला माती लागावी, पण मातीचा गोळा दिसू नये. असा ८ ते १० सेंटीमीटरचा थर घुमटावर चढवा. तूस नसेल तर लाकडाचा भुसा. या थराच्या बाहेर हवी तर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी गुंडाळा. आतल्या थरात मात्र तार, सळई, जाळी काही घालू नका. पोलाद तापल्यावर मातीच्या दुपटीहून जास्त वाढतं आणि मजबुतीसाठी घातलेली सळईच घुमट फोडते. सगळ्यात वर शेण, माती आणि बारीक वाळूचं सारवण. त्याला चिरा गेल्या की परत पोतेरा फिरवायचा, चुलीला फिरवतो तसाच.

मग वाळवण. गोणपाट ओलं करून वर टाका आणि सावलीत ठेवा, विशेषतः फाल्गुनानंतर काम करत असाल तर. उन्हाची झळ बाहेरची बाजू आतल्याच्या आधी वाळवते आणि सगळा खटाटोप फुकट जातो. दोन-तीन आठवड्यांनी काटक्यांचा छोटा जाळ सुरू करा, रोज दोन-तीन तास. पहिले दोन-तीन दिवस आतलं तापमान १०० अंशांच्या खालीच ठेवायचं. बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर असला तर उत्तम, नसला तर भिंतीवर बाहेरून तळहात टेकवता आला पाहिजे एवढं लक्षात ठेवा. जाळ विझल्यावर कोमट घुमटावर प्लास्टिकचा कागद टाकून बघा. खालून पाण्याचे थेंब धरले तर अजून ओल आहे. थेंब धरायचे थांबले की रोज थोडा थोडा जाळ वाढवत न्या. पूर्ण तापल्याची खूण गोव्यातल्या पोदेरांना, म्हणजे पाव भाजणाऱ्यांनाही विचारा, हीच सांगतील: आधी काजळीने काळा झालेला घुमट आतून पांढरा पडायला लागतो. काजळी जळून जायला साडेतीनशे अंशांच्या वर तापमान लागतं, म्हणून ही खूण भरवशाची.

तुम्ही विचारलेलं नाही, पण तुमचं तोंड फार उंच आहे. घुमटाच्या आतल्या उंचीच्या सुमारे ६३ टक्के ही तोंडाची जुनी, पारखलेली उंची. तुमच्या ४२ सेंटीमीटरला ती २६-२७ येते, तुमचं आहे ३४. खालून थंड हवा आत येते आणि वरून धूर बाहेर जातो, त्यात एवढ्या उंच तोंडातून धुरासोबत माथ्याची सगळी उष्णता निघून जाते. मग माणूस लाकडं कोंबत राहतो, तोंडाजवळची माती भडकते आणि कमानीवरची भेग दर खेपेला वाढते. सध्याच्या तोंडाच्या आत विटांची ठेंगणी कमान बसवलीत तर हा प्रश्नही सुटेल आणि फाटलेल्या कमानीला आधारही मिळेल. कमान घुमटाला चिकटवू नका. मध्ये बोटभर फट ठेवून ती तूस-मातीने भरा, म्हणजे दोघं आपापल्या परीने वाढतील.

पुढे कधी नवी बांधलीत, किंवा हे वाचून कोणी पहिल्यांदाच बांधणार असेल, तर मातीची परीक्षा आधी करा. पावासाठी पीठ मळण्याआधी कोणी यीस्ट तपासत नाही असं होत नाही. मातीला मात्र कोणी विचारत नाही. चाळलेली माती आणि वाळू एकास दोन, एकास अडीच, एकास तीन अशी वेगवेगळी कालवून प्रत्येकाची २० सेंटीमीटर लांब, ४ रुंद, २ जाड पट्टी थापा. ओली असतानाच तिच्यावर बरोबर १० सेंटीमीटरची रेघ ओढा, सावलीत वाळवा आणि रेघ परत मोजा. जेवढे मिलिमीटर कमी तेवढे टक्के आक्रस. दोन-अडीचच्या आत असेल आणि पट्टी नखाने भुगा होत नसेल, तर तेच प्रमाण घ्या. काळ्या मातीला वाळू तिपटीने घालूनही पुष्कळदा हा आकडा खाली येत नाही. म्हणून मी ती वापरतच नाही. कोकणातल्या जांभ्याच्या लाल मातीत केओलिनाइट, म्हणजे पाण्याने फारशी न फुगणारी चिकणमाती जास्त असते, म्हणून ती फार आक्रसत नाही, पण कधी कधी इतकी भरड असते की धरत नाही. तेव्हा तिच्यात कुंभाराची माती मिसळा. घाटावर तलावाचा गाळ किंवा कुंभाराकडून तयार माती आणलेली सगळ्यात बरी. वाळू टोकदार कणांची हवी. क्रश सँड म्हणजे आपल्याकडे फोडलेला काळा दगडच, ती चालते, फक्त पाण्याने धुऊन तिच्यातली भुकटी काढा. समुद्राची वाळू मिठामुळे नको.

तळाला घरात उरलेली कडप्पा किंवा शहाबादी फरशी लावायचा मोह होतो. दोन्ही चुनखडीचे दगड, जाळाखाली त्यांच्या खपल्या उडतात. नदीतले गोटेही नकोत, आत पाणी असलेला गोटा तापून फुटतो. तुमच्या मापाला पंचवीस-तीस फायर ब्रिक, म्हणजे जाळ सोसणाऱ्या विटा, पुरतात. त्या चुना-सिमेंट न लावता वाळूच्या पातळ थरावर घट्ट शेजारी शेजारी बसवा, आणि खाली तूस-मातीत आडव्या ठेवलेल्या काचेच्या रिकाम्या बाटल्यांचा थर द्या.

राहिलं छप्पर. जाळाने भाजून पक्की होते ती फक्त आतली एक-दोन बोटं माती. बाकीचा घुमट कितीही वर्षं वापरला तरी कच्चाच, आणि तुमची माती काळी असल्याने भिजली की फुगणार. तेव्हा जून लागायच्या आत पत्र्याचं किंवा कौलांचं छप्पर घाला, चारी बाजूंनी दोन फूट पुढे आलेलं आणि घुमटापासून निदान चार फूट उंच. ताडपत्री अंगावर गुंडाळून भागवू नका. तिच्या आत ओल कोंडते आणि गणपतीपर्यंत खालचा रद्दा मऊ पडतो. पाऊस संपल्यावर पहिला जाळ परत छोटाच घालायचा, भट्टी कितीही जुनी असली तरी.